पोरक्या पोलिश मुलांचे पालक

दसरा उलटला की शिरूर कासार तालुक्यातील गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात. कोयते, भांडीकुंडी आणि लहान मुले घेऊन ऊसतोड कामगारांची कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे राहतात ती वृद्ध माणसे आणि ओस पडलेले वर्ग. या मुलांना निर्वासित म्हणता येणार नाही. ती आपल्याच राज्यातील नागरिक आहेत. मात्र गाव सुटलेल्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलायचा, हा त्यांच्याबाबत उभा राहणारा प्रश्न जुनाच आहे. ऐन महायुद्धाच्या धामधुमीत एका संस्थानिकाने त्याला आपल्या परीने उत्तर दिले होते. ते होते नवानगरचे जामसाहेब, महाराजा दिग्विजयसिंहजी जडेजा.

दिग्विजयसिंहजींचा जन्म 18 सप्टेंबर 1895 रोजी काठेवाडातील सडोदर येथे झाला. विख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे इंग्लंडमध्ये त्यांचे शिक्षण झाले. 1919 मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि बारा वर्षे त्यांनी तेथे सेवा केली. 1933 मध्ये रणजितसिंहजींच्या निधनानंतर नवानगरची गादी त्यांच्याकडे आली. क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 1937 पासून नरेंद्र मंडळाचे, म्हणजे संस्थानिकांच्या परिषदेचे, ते चान्सलर होते. युद्धकाळात ब्रिटिश सरकारच्या युद्धविषयक बैठकांत ते हिंदुस्थानच्या वतीने बसले. एवढ्यावरच त्यांचे चरित्र संपले असते, तर आज त्यांचे नाव काठेवाडाबाहेर फारसे कोणी घेतले नसते.

सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. जून 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा चित्र बदलले. लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारशी रशियाने करार केला आणि या लोकांना बाहेर पडण्याची मुभा मिळाली. तोवर उपासमारीने आणि रोगराईने असंख्य मुले पोरकी झाली होती. त्यातील काही अश्गाबात येथील अनाथालयात गोळा करण्यात आली. त्यांना आश्रय कोण देणार, हा प्रश्न होता.

या मुलांविषयी एक कथा फार लोकप्रिय आहे. मुलांनी भरलेले जहाज बंदराबंदरांतून नाकारले गेले आणि अखेर जामसाहेबांनी ते आपल्या बंदरात उतरवून घेतले, असे त्यात सांगतात. प्रत्यक्षातील हकीकत वेगळी आहे आणि ती कमी रोमहर्षक नाही. मुंबईतून मदतसामग्री घेऊन गेलेल्या मालमोटारींतूनच ही मुले इराणमधील मशहद, झाहेदान आणि पुढे क्वेट्टामार्गे हिंदुस्थानात आली. मुंबईतील पोलिश वकिलातीने, विशेषतः वकिलांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी, त्यासाठी अपार धडपड केली. 1942 च्या एप्रिलमध्ये पहिली तुकडी मुंबईत पोहोचली. काही महिने या मुलांचा मुक्काम वांद्र्याला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये ती जामनगरजवळच्या बालाचडी येथे दाखल झाली.

बालाचडी हे कच्छच्या आखातावरील ठिकाण. जामसाहेबांचा उन्हाळी वाडा तेथेच होता. त्याच्याजवळ मुलांसाठी निवासाच्या इमारती उभ्या राहिल्या. आपल्या अतिथिगृहाची इमारत जामसाहेबांनी शाळेसाठी दिली. तेथे पोलिश पुस्तकांचे ग्रंथालय झाले आणि मुलांचे शिक्षण त्यांच्या मातृभाषेत सुरू राहिले. ही दृष्टी महत्त्वाची होती. मुले एक दिवस परत जातील, तेव्हा आपली भाषा आणि आपला धर्म विसरून जाऊ नयेत, अशी ती व्यवस्था होती. छावणीचा कारभार फादर फ्रान्सिशेक प्लुता या पोलिश धर्मगुरूंकडे होता. मसालेदार जेवण मुलांना सोसेना, म्हणून गोव्याहून स्वयंपाकी आणण्यात आले. जामसाहेब स्वतः छावणीत येत, मुलांचे खेळ आणि नाटके पाहत. मुले त्यांना बापू म्हणत.

खरी कसोटी होती ती पैशाची. ब्रिटिश हिंदुस्थान सरकार या खर्चाचा कायमचा भार आपल्या तिजोरीवर घ्यायला उत्सुक नव्हते. जामसाहेबांनी जागा दिली, संस्थानाची साधने दिली आणि नरेंद्र मंडळातील आपले वजन खर्च करून इतर संस्थानिकांनाही हात सैल करायला लावले. दिल्लीत पोलिश मुलांसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला. संस्थानिकांप्रमाणे टाटांसारख्या उद्योगपतींनीही त्यात भर घातली. पुढे लंडनमधील पोलिश सरकारनेही जबाबदारी उचलली. म्हणजे हे काम केवळ एका राजाच्या औदार्यावर उभे नव्हते. परंतु प्रथम दार उघडणारा कोणी नसता, तर पुढचा निधी जमलाच नसता.

महाराष्ट्राचाही या कथेत मोठा वाटा आहे. 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत वसली. सुमारे पाच हजार लोक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, तेथे 1948 पर्यंत राहिले. बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत सारी सोय तेथे होती. 1946 मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा तेथील उरलेली मुले वळिवड्यालाच आली. दरम्यान 1945 मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली होती. कम्युनिस्ट राजवटीखालील पोलंडला अनाथ मुलांना सक्तीने पाठवले जाईल, अशी धास्ती निर्माण झाली. तेव्हा जामसाहेबांनी फादर प्लुता आणि एका ब्रिटिश अधिकाऱ्याबरोबर मुलांचे कायदेशीर पालकत्व पत्करले, त्यामुळे अनेकांना पुढे कोठे जायचे हे ठरवण्यास अवसर मिळाला.

स्वातंत्र्यानंतर नवानगर भारतात विलीन झाले. 1948 मध्ये सौराष्ट्राचे राजप्रमुख म्हणून जामसाहेबांची नेमणूक झाली आणि 1956 पर्यंत ते त्या पदावर होते. संयुक्त राष्ट्रांतही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. 3 फेब्रुवारी 1966 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बालाचडीच्या त्याच परिसरात आज सैनिक शाळा आहे. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर पोलंडने त्यांची आठवण जागवली. वॉर्सात एका शाळेला त्यांचे नाव आहे आणि एक चौक भल्या महाराजांचा म्हणून ओळखला जातो. 2024 च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथील त्यांच्या स्मारकाला, तसेच वळिवड्याच्या आठवणीसाठी उभारलेल्या कोल्हापूर स्मारकालाही अभिवादन केले.

जामसाहेबांवर कोणताही कायदा बंधनकारक नव्हता. आज तसे नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटातील प्रत्येक मुलाला शाळेचा अधिकार देतो. आईवडील तोडणीला गेल्यावर मुले गावातच राहून शिकावीत, यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे; त्यात जिल्हा परिषद आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्यावर जबाबदारी येते. 2021 मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना जाहीर केली. कामगार कल्याण महामंडळाच्या निधीसाठी उसाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घेण्याचे ठरले. म्हणजे पैशाचा मार्ग कागदावर आखलेला आहे. हंगाम मात्र कागदांसाठी थांबत नाही. अनुदान उशिरा आले, तर तोवर मूल आईबरोबर फडावर गेलेले असते आणि त्याचे वर्ष गेलेले असते.

बालाचडीची मुले वृद्धापकाळातही त्या राजाला विसरली नाहीत. त्यांच्यावर किती रुपये खर्च झाले, हे त्यांच्यापैकी कोणाच्या स्मरणात नव्हते. गरज होती तेव्हा शाळेचे दार उघडे होते, एवढे मात्र त्यांना पक्के आठवत होते.