‘रेबेका’ : एक कादंबरी आणि तिचे वाचक

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ‘रेबेका’ या इंग्रजी कादंबरीची एक जुनी प्रत आहे. तिची बांधणी दोनदा झालेली आहे आणि पाठीवरची सोनेरी अक्षरे केव्हाच पुसून गेली आहेत. या प्रतीचे वैशिष्ट्य असे की, तिच्या समासांत वाचकांनी पेन्सिलीने आपापली मते लिहून ठेवली आहेत. ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे हा गुन्हाच; पण मला तरी त्या समासांनी मूळ कादंबरीइतकेच गुंतवून ठेवले. एका पानावर कुणी नायकाला देवमाणूस ठरवले आहे, तर त्याच्याच खाली दुसऱ्या हस्ताक्षरात त्याला सरळ खुनी म्हटले आहे. कुणी नायिकेला बावळट म्हणून मोकळा झाला आहे. शेवटच्या पानावर नुसतेच एक मोठे प्रश्नचिन्ह आहे.

द्वितीय वर्षाला असताना मी ती दोन रात्रींत वाचून काढली आणि एक उत्कट प्रेमकथा वाचल्याचे समाधान मानले. ताईला तसे सांगितले, तर ती म्हणाली की, ही प्रेमकथा नव्हेच. मला राग आला. ताई याच महाविद्यालयातून पदवीधर झालेली, वक्तृत्वाचा करंडक मिळवलेली. पहिले वर्षभर अनेक प्राध्यापक मला माझ्या नावाने नव्हे, तर तिची धाकटी बहीण म्हणूनच ओळखत होते. तेव्हा निदान या पुस्तकाच्या बाबतीत तरी तिचे चुकते आहे, हे सिद्ध करावे म्हणून मी लेखिकेचे चरित्र वाचायला घेतले. त्यातून जे हाती लागले, ते या लेखात मांडत आहे.

डॅफ्नी ड्यू मॉरिए हिचा जन्म १३ मे १९०७ रोजी लंडन येथे झाला. घराणे कलावंतांचे. आजोबा जॉर्ज ड्यू मॉरिए हे ‘पंच’ या प्रसिद्ध विनोदी साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार आणि ‘ट्रिल्बी’ या गाजलेल्या कादंबरीचे लेखक. वडील जेराल्ड हे त्या काळच्या रंगभूमीवरील आघाडीचे नट. ‘पीटर पॅन’ नाटकातील कॅप्टन हुक ही भूमिका प्रथम त्यांनीच रंगवली. आईही अभिनेत्री होती. तीन बहिणींत डॅफ्नी मधली. घरात सतत पाहुण्यांचा राबता आणि गप्पांचे फड. ही मुलगी मात्र अबोल. आपण मुलगा असायला हवे होते असे तिला लहानपणापासून वाटे. मुलाचे एक काल्पनिक नाव घेऊन ती मनातल्या मनात वेगळेच आयुष्य जगत असे.

१९२६ मध्ये या कुटुंबाने इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, फॉवे नदीच्या काठी एक घर घेतले. समुद्र, खडक, धुके आणि एकांत यांच्या सहवासात डॅफ्नीला आपली जागा सापडली. तेथेच भटकताना झाडीत लपलेला, वेलींनी वेढलेला, वापरात नसलेला एक जुना वाडा तिच्या दृष्टीस पडला. त्याचे नाव मेनाबिली. दुसऱ्याच्या मालकीच्या त्या वास्तूच्या आवारात ती चोरून जात असे.

१९३१ मध्ये तिची ‘द लव्हिंग स्पिरिट’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. फ्रेडरिक ब्राउनिंग नावाच्या सैन्यातील एका मेजरने ती वाचली. पुस्तक त्याला इतके आवडले की, लेखिकेला भेटण्यासाठी तो स्वतःची होडी घेऊन फॉवेला आला. १९३२ च्या जुलैमध्ये दोघांचा विवाह झाला. एका वाचकाच्या पसंतीतून जुळलेले असे लग्न साहित्याच्या इतिहासात विरळाच.

परंतु या संसारात एक अदृश्य काटा होता. ब्राउनिंगचे यापूर्वी एका देखण्या, रुबाबदार तरुणीशी लग्न ठरले होते व ते मोडले होते. तिची जुनी पत्रे डॅफ्नीच्या पाहण्यात आली. आपला नवरा अजूनही मनातून तिच्याकडे ओढला जात असावा, ही शंका मग तिला सोडीना.

१९३६ मध्ये ब्राउनिंगची पलटण इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे गेली. पलटणीच्या प्रमुखाची पत्नी म्हणून मेजवान्या देणे, अधिकाऱ्यांच्या बायकांशी हसून बोलणे हे डॅफ्नीच्या वाट्याला आले. जात्याच भिडस्त असलेल्या तिला ते जड जाई. उन्हाळा असह्य, दोन्ही लहान मुली इंग्लंडमध्ये ठेवलेल्या आणि मनात कॉर्नवॉलचा ध्यास. अशा अवस्थेत १९३७ मध्ये तिने ‘रेबेका’ लिहायला घेतली. पहिली सुमारे पंधरा हजार शब्दांची मजल तिने स्वतःच रद्द केली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मायदेशी परतली आणि तेथे कादंबरी पूर्ण झाली.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. रहस्य फोडल्याबद्दल क्षमा असावी. एक साधी, गरीब, तरुण मुलगी मॅक्सिम द विंटर या श्रीमंत विधुराशी लग्न करून त्याच्या मँडर्ली या वाड्यात येते. पहिली पत्नी रेबेका समुद्रात बुडून मेलेली. पण वाड्याच्या प्रत्येक दालनात तिचीच सत्ता. तिच्या वस्तू, तिच्या सवयी आणि तिची एकनिष्ठ कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स. नवी पत्नी झुरत जाते. पुढे कळते की, मॅक्सिमचे रेबेकावर प्रेम नव्हतेच. त्यानेच तिला गोळी घालून ठार केले होते. हे ऐकून नायिकेला काय वाटावे? आपला नवरा खुनी आहे याची भीती नव्हे, तर त्याचे रेबेकावर प्रेम नव्हते याचा आनंद! ती त्याला वाचवायला उभी राहते, आणि वाचकही नकळत तिच्या बाजूने उभा राहतो.

ऑगस्ट १९३८ मध्ये व्हिक्टर गोलान्झ या प्रकाशकाने पुस्तक बाजारात आणले. पहिली आवृत्ती वीस हजारांची होती आणि महिन्याभरात खप दुपटीहून पुढे गेला. प्रकाशकाने जाहिरात केली ती मोहक प्रेमकथा म्हणून, आणि लोकांनी ती तशीच वाचली. समीक्षकांनी मात्र नाके मुरडली. स्वस्त कादंबऱ्यांचाच हा माल आहे, चार दिवसांत विसरला जाईल, असा काहींचा सूर होता. अमेरिकेत पुस्तकविक्रेत्यांनी त्या वर्षीची सर्वांत आवडती कादंबरी म्हणून तिला पुरस्कार दिला.

या दोन्ही पक्षांवर लेखिका नाराज होती. तिच्या मते ही कादंबरी म्हणजे मत्सराचा अभ्यास होता. तिने जे सोसले होते, तेच तिने लिहिले होते. लोक मात्र त्याला गुलाबी रंग देत होते. हे वाचले तेव्हा ताईची आठवण होऊन मी थोडी वरमले.

वाचकांची पत्रे आयुष्यभर येत राहिली. एक प्रश्न बहुतेकांचा असे : नायिकेला नाव का नाही? नाव सुचले नाही, आणि पुढे नावावाचून निभावून नेणे हेच एक आव्हान होऊन बसले, असा तिचा साधा खुलासा होता. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’शी असलेले साम्य तर अनेकांनी दाखवले. वाडा, पहिली पत्नी, आग या गोष्टी दोन्हीकडे आहेतच. काहींनी त्याहून गंभीर आरोप केला. ब्राझीलच्या कॅरोलिना नाबुको यांच्या १९३४ मधील कादंबरीशी ‘रेबेका’चे साम्य असल्याचा बोभाटा झाला, डॅफ्नीने उचलेगिरीचा इन्कार केला. दुसऱ्या एका अमेरिकन लेखिकेच्या वतीने खटलाच भरला गेला. त्यासाठी १९४७ मध्ये तिला न्यूयॉर्कच्या न्यायालयात साक्षीला उभे राहावे लागले. आपली टिपणवही पुढे ठेवून तिने कादंबरी कशी घडली ते सांगितले. खटला फेटाळला गेला. पण स्वतःच्या मनातला मत्सर चारचौघांत उलगडण्याची वेळ आली, याचा तिला फार त्रास झाला.

चित्रपटवाल्यांचे मत आणखी निराळे. १९४० मध्ये आल्फ्रेड हिचकॉकने ‘रेबेका’ पडद्यावर आणली आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. परंतु पत्नीचा खून करणारा नवरा शिक्षेवाचून सुटलेला दाखवणे हॉलिवूडच्या तत्कालीन नियमांत बसत नव्हते. म्हणून चित्रपटात रेबेकाचा मृत्यू हा अपघात ठरला. वाचकांनी पोटात घातलेला खून नियमावलीला पचला नाही! आपल्याकडे १९६४ मध्ये याच कथेवरून ‘कोहरा’ हा हिंदी चित्रपट निघाला. दिग्दर्शक बीरेन नाग, निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार. वहिदा रेहमानच्या नवपरिणीत वधूला धाक घालणारी कारभारीण साकारली ती आपल्या मराठमोळ्या ललिता पवारांनी. आमच्या आजीने हा चित्रपट पाहिलेला आहे. नायकाचे नाव ती विसरली, पण ललिताबाईंची नजर अजून विसरलेली नाही.

पुस्तकाच्या उत्पन्नाने डॅफ्नीला एक गोष्ट मिळवून दिली. ज्या मेनाबिलीच्या आवारात ती चोरून जात असे, तो वाडा तिने १९४३ मध्ये भाडेपट्ट्याने घेतला, दुरुस्त केला आणि सव्वीस वर्षे तेथे संसार केला. मालकी मात्र कधीच मिळाली नाही. १९६९ मध्ये मूळ घराण्याला वाडा परत करून तिला जवळच्याच किलमार्थ या घरात जावे लागले. ज्या घरावर आपण जीव टाकतो ते दुसऱ्याचेच असते, हे तिच्या नायिकेचे दुःख तिच्याही वाट्याला आले.

तिने पुष्कळ लिहिले. ‘जमैका इन’ ‘रेबेका’च्या आधीची. पुढे १९५१ मध्ये ‘माय कझिन रेचल’ आली. तिची नायिका निष्पाप की विष घालणारी, यावर वाचक आजही भांडतात. हिचकॉकचा ‘द बर्ड्स’ हा चित्रपट तिच्याच कथेवरचा. तरी लोक तिला ओळखत ते ‘रेबेका’ची लेखिका म्हणूनच. स्वतःच्याच पहिल्या यशाची सावली पुढच्या प्रत्येक पुस्तकावर पडावी, हा दैवदुर्विलास नव्हे काय?

संसारही सरळ नव्हता. पती युद्धात मोठ्या हुद्द्यावर चढला, नंतर राजघराण्याच्या सेवेत लंडनला राहू लागला. १९५७ मध्ये त्याची प्रकृती ढासळली, आणि त्याच सुमारास लंडनमध्ये त्याचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध असल्याचे तिला कळले. वीस वर्षांपूर्वी कल्पनेत पाहिलेली दुसरी स्त्री अशी प्रत्यक्षात उभी राहिली. तरीही १९६५ मध्ये तो वारला तोपर्यंत तिने त्याला सोडले नाही. तिचे स्वतःचे मनही सरळ रेषेत चालणारे नव्हते. स्त्रियांविषयी तिला वाटलेली ओढ, मनात बंद करून ठेवलेला तो मुलगा, या गोष्टी १९९३ मध्ये मार्गारेट फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून लोकांसमोर आल्या. अखेरची काही वर्षे तिचे लेखन थांबले होते. १९ एप्रिल १९८९ रोजी कॉर्नवॉलमध्येच तिचे निधन झाले.

चार दिवसांत विसरली जाणार म्हणून भाकीत झालेली ही कादंबरी २००३ मध्ये बीबीसीने घेतलेल्या वाचकांच्या कौलात चौदावी आली. २०१७ मध्ये डब्ल्यू. एच. स्मिथ या ब्रिटिश पुस्तकविक्रेत्यांनी आपल्या सव्वादोनशे वर्षांच्या निमित्ताने कौल घेतला, तेव्हा तर ती पहिली आली. आता नवे वाचक विचारतात की, रेबेकाचा दोष नेमका काय होता, आणि तो आपल्याला कोणी सांगितला? तिला मारणाऱ्या नवऱ्यानेच ना?

हा प्रश्न वाचला आणि मी ती जुनी प्रत पुन्हा घेऊन आले. या खेपेस एक गोष्ट लक्षात आली. सबंध कादंबरीत नायिका रेबेकाला एकदाही पाहत नाही. तिला भेटतात ती केवळ लोकांची मते : कारभारणीचे मत, नणंदेचे मत, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मत, शेवटी नवऱ्याचे मत. या ऐकीव मतांतून ती एक प्रतिस्पर्धी उभी करते आणि तिच्याशी झुंजत स्वतः जळत राहते. डॅफ्नीनेही त्या तरुणीच्या बाबतीत हेच केले होते. मग पुढे वाचकांनी, समीक्षकांनी, प्रकाशकाने तिच्या पुस्तकाचे तेच केले.

आणि मीही तेच करीत होते, हे कबूल करायला हवे. महाविद्यालयातली ताई मी कधी पाहिलीच नव्हती. पाहिली होती ती प्राध्यापकांच्या आठवणीतली. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा मी धीर करून तिला हे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली की, करंडकाच्या त्या भाषणाआधी तिचे पाय इतके लटपटत होते की, ती घरी पळून यायला निघाली होती. एका मैत्रिणीने तिला फाटकातून परत आणले. दोन वर्षे मी जिच्याशी झुंजत होते, ती ताई कधी नव्हतीच.

‘रेबेका’ प्रेमकथा नव्हे, हे ताईचे मत आता मला मान्य आहे. ग्रंथालयाच्या समासात मी अद्याप काही लिहिलेले नाही. तेथे जागाही फारशी उरलेली नाही. माझ्या वर्गबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती की, समासातली मते जरूर वाचावीत, पण पुस्तक वाचून झाल्यावर.