एलिझाबेथ फ्राय : न्याय आणि दया

शाळा म्हटली कीं नियम आले, आणि नियम आले कीं ते मोडणारेही आलेच. एखाद्या मुलाच्या दप्तरांत दुसऱ्याची लेखणी सांपडली, म्हणजे गुरुजींनीं दिलेली शिक्षा त्याच दिवशीं संपते; परंतु सोबत्यांच्या नजरेनें होणारी शिक्षा वर्षभर चालते. नियम मोडला गेला हें दाखविण्यास नियम समर्थ आहे. मोडणाऱ्यास पुन्हां उभें करण्यास तो समर्थ नाहीं. संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत मोशेच्या नियमशास्त्राविषयीं हाच विचार मांडला आहे : नियमशास्त्र पापाची ओळख करून देतें, परंतु सुटका कृपेनेंच होते. हें तत्त्व मुखानें सांगणारे पुष्कळ आहेत. तें तुरुंगाच्या दारांतून आंत नेणारी एक बाई इंग्लंडांत होऊन गेली. तिचें चरित्र आमच्या विद्यार्थिवर्गापुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

एलिझाबेथ गर्नी हिचा जन्म २१ मे १७८० रोजीं नॉर्विच शहरीं एका संपन्न क्वेकर घराण्यांत झाला. ती बारा वर्षांची असतां तिची आई वारली. क्वेकर लोकांची राहणी साधी असावी असा दंडक असला, तरी गर्नी कुटुंबांत गाणें, नृत्य व रंगीत वस्त्रें यांची हौस होती. १७९८ सालीं विल्यम सेव्हरी नांवाच्या अमेरिकन उपदेशकाचें प्रवचन ऐकावयास एलिझाबेथ गेली, तेव्हां तिच्या पायांत जांभळे बूट व त्यांस तांबड्या नाड्या होत्या. त्या प्रवचनानें तिचें अंतःकरण पालटलें. १८०० सालीं जोसेफ फ्राय यांच्याशीं तिचा विवाह झाला. पुढें तिला अकरा अपत्यें झालीं, आणि १८११ मध्यें क्वेकर मंडळीनें तिला उपदेशिका म्हणून मान्यता दिली.

त्या काळीं इंग्लंडचा कायदा अत्यंत कठोर होता. दोनशेंहून अधिक अपराधांस देहान्ताची शिक्षा लिहिलेली होती. दुकानांतून पांच शिलिंगांचा माल चोरल्याबद्दलही मनुष्य फांसावर जाऊं शके. इतका धाक असूनही चोऱ्या थांबल्या नव्हत्या, आणि तुरुंग मात्र भरून वाहत होते. १८१३ सालच्या हिवाळ्यांत स्टीफन ग्रेलेट नांवाच्या फ्रेंच क्वेकरानें लंडनच्या न्यूगेट तुरुंगांत तान्हीं मुलें थंडींत उघडीं पडलेलीं पाहिलीं, व ती हकीकत फ्रायबाईंस कळविली. बाईंनीं लागलीच मैत्रिणींकडून फ्लॅनेलचे कपडे शिववून घेतले व ते घेऊन त्या तुरुंगांत गेल्या. सुमारें तीनशें स्त्रिया व त्यांचीं मुलें अपुऱ्या जागेंत कोंडलेलीं होतीं. जिचा खटला अजून चालावयाचा होता ती, आणि जिला फांशीची शिक्षा झाली होती ती, अशा दोघीही एकाच ठिकाणीं निजत, रांधीत व भांडत. तुरुंगाचे अधिकारी स्वतः आंत पाऊल टाकण्यास कचरत.

घरच्या अडचणींमुळें बाईंस तीन वर्षें पुन्हां तेथें जातां आलें नाहीं. १८१६ च्या नाताळच्या सुमारास त्या परत गेल्या, आणि आपणांस कैदी स्त्रियांबरोबर एकटें सोडावें अशी त्यांनीं विनंति केली. त्यांनीं मत्तयाच्या शुभवर्तमानांतील द्राक्षमळ्याच्या कामकऱ्यांचा दृष्टांत वाचून दाखविला. दिवसाच्या शेवटल्या घटकेस कामावर आलेल्यासही धन्यानें पुरी मजुरी दिली, ही ती कथा होय. मग त्यांनीं उपदेश करीत न बसतां, या लेकरांकरितां आपण सर्वांनीं मिळून काय करावें, असें त्यांच्या मातांसच विचारलें. त्यांतून तुरुंगांत शाळा निघाली. शिक्षिका बाहेरून आणली नाहीं. घड्याळ चोरल्याबद्दल शिक्षा भोगणारी मेरी कॉनर नांवाची तरुणी कैदिणींनीं आपल्यांतूनच निवडली. तिनें तें काम इतक्या निष्ठेनें केलें कीं तिला पुढें माफी मिळाली. परंतु क्षयाचा विकार जडून ती लवकरच वारली.

१८१७ सालीं बाईंनीं न्यूगेटमधील स्त्री-कैद्यांच्या सुधारणेसाठीं मंडळ स्थापिलें. शिवणकाम व विणकाम सुरू झालें, देखरेखीस स्त्री-अधिकारी नेमली गेली, आणि रोज शास्त्रवाचन होऊं लागलें. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत धरण्याजोगी आहे. दयेच्या नांवाखालीं बाईंनीं नियम उठविले नाहींत. शिवीगाळ, जुगार, भीक मागणें व भांडण यांस बंदी करणारे नियम त्यांनीं तयार केले. परंतु प्रत्येक नियम कैदी स्त्रियांपुढें वाचून त्यांचें मत घेतलें. एकेका नियमास त्यांनीं हात वर करून संमति दिली. जो कायदा आजवर केवळ त्यांच्या डोक्यावर टांगलेला होता, तो अशा रीतीनें त्यांच्या अंतःकरणांत उतरूं लागला. बाई पापास पाप म्हणत. पण कोणत्या स्त्रीनें कोणता गुन्हा केला याची चौकशी त्या करीत नसत, असें सांगतात. कारण देवापुढें आपण सर्वच उणे आहों, अशी त्यांची श्रद्धा होती.

तथापि ही दया नेहमींच विजयी झाली असें नाहीं. १८१८ सालीं हॅरिएट स्केल्टन नांवाच्या स्त्रीस खोट्या नोटा चालविल्याबद्दल फांशीची शिक्षा झाली. आपल्या माणसाच्या भरीस पडून तिनें हें केलें होतें, असें सांगतात. बाईंनीं तिच्यासाठीं गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्याकडे खेपा घातल्या, आणि बँक ऑफ इंग्लंडच्या चालकांकडेही रदबदली झाली. कोणींही ऐकिलें नाहीं. एप्रिल महिन्यांत हॅरिएट फांसावर गेली, आणि बाईंस गृहमंत्र्यांचा रोष मात्र पत्करावा लागला. त्याच वर्षीं बाईंनीं पार्लमेंटच्या समितीपुढें तुरुंगांविषयीं साक्ष दिली. स्त्रीनें अशी साक्ष देणें ही त्या काळीं अपूर्व गोष्ट होती. १८२३ च्या तुरुंग-कायद्यानें स्त्री-कैद्यांवर स्त्रियांचीच देखरेख असावी असें ठरविलें. १८३७ सालीं खोट्या दस्तऐवजांबद्दलची फांशी कायद्यांतून पार नाहींशी झाली. हॅरिएटला मात्र त्याचा उपयोग नव्हता.

ऑस्ट्रेलियास हद्दपार होणाऱ्या स्त्रियांस उघड्या गाड्यांतून, लोकांच्या टवाळींतून, जहाजावर नेत. बाईंनीं बंद गाड्या मिळविल्या, व त्या स्वतः त्यांच्याबरोबर बंदरापर्यंत गेल्या. मंडळातर्फे प्रत्येकीस सुई, दोरा व कापडाचे तुकडे दिले जात. १८४१ सालीं ‘राजा’ नांवाच्या जहाजावरील स्त्रियांनीं अशा तुकड्यांची एक सुंदर गोधडी शिवली. ती ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयांत जपलेली आहे. समाजानें टाकून दिलेल्या हातांचें तें काम आहे.

दुसऱ्यांचा न्याय न करणाऱ्या या बाईंवर जगानें न्याय करण्याची वेळ १८२८ सालीं आली. त्यांच्या पतीची पेढी बुडाली. क्वेकर मंडळीनें पतीस सभासदत्वांतून काढून टाकिलें. मोठें घर सोडावें लागलें, आणि धर्मकार्याच्या पैशांविषयींही लोकांत कुजबूज झाली. ज्या नजरेखालीं न्यूगेटच्या स्त्रिया वावरत, तीच नजर आतां बाईंस आपल्या प्रार्थनासभेंत सोसावी लागली. तरी त्यांनीं मंडळी सोडली नाहीं, पतीस अंतर दिलें नाहीं, आणि तुरुंगाची वाटही मोडली नाहीं. १८४० सालीं त्यांनीं रुग्णसेवेकरितां परिचारिकांची संस्था काढिली. आणि १८४२ सालीं प्रशियाचा राजा त्यांच्याबरोबर न्यूगेटमध्यें जाऊन आला. १२ ऑक्टोबर १८४५ रोजीं रॅम्सगेट येथें त्यांनीं देह ठेविला.

ज्या बँकेच्या खोट्या नोटा चालविल्याबद्दल हॅरिएट मरण पावली, त्याच बँक ऑफ इंग्लंडनें २००२ सालीं आपल्या पांच पौंडांच्या नोटेवर फ्रायबाईंचें चित्र छापिलें. न्यूगेटमधील स्त्रियांस त्या वाचून दाखवीत आहेत, असा देखावाही त्या नोटेवर होता. २०१७ सालापर्यंत ती नोट लोकांच्या हातीं खेळत होती. बाईंची विनंति मान्य होण्यास उशीर लागला, इतकेंच.

आम्ही शिक्षक आहों. नियम करणें व ते पाळावयास लावणें हें आमचें कामच आहे, आणि तें आम्ही सोडणार नाहीं. परंतु हें चरित्र लिहितांना, शिक्षा देऊन झाल्यावर पुन्हां ज्यांच्या बांकापाशीं आम्ही गेलों नाहीं, अशा कित्येक मुलांचे चेहरे आम्हांस आठवले. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गांतही असा कोणी एकटा बसलेला असेल. त्याचा निवाडा होऊन गेलेला आहे. आतां त्याच्याजवळ जाऊन बसणें तेवढें उरलें आहे.