चंद्राचा अर्धा अंश शोधणारे महाराजा : सवाई जयसिंह

नवी दिल्लीत संसद मार्गालगत, कॅनॉट प्लेसपासून हाकेच्या अंतरावर, लाल रंगाच्या काही विलक्षण वास्तू उभ्या आहेत. त्यांना छप्पर नाही. त्यांतील जिने कोणत्याही मजल्यावर पोहोचत नाहीत आणि भिंतींवर कोरलेल्या रेषा सजावटीसाठी नाहीत. देशभरातील वृत्तपत्रवाचकांना जंतरमंतर हे नाव आता धरणे आणि निदर्शने यांमुळेच अधिक परिचित आहे. या वास्तू उभारणाऱ्या आमेरच्या महाराजा सवाई जयसिंह यांच्यासमोरचा प्रश्न मात्र अगदी निराळा होता. पंचांगात लिहिलेल्या जागी आणि लिहिलेल्या वेळी चंद्र आकाशात का सापडत नाही, हा तो प्रश्न होय.

जयसिंह यांचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ रोजी आमेर येथे झाला. वडील बिशनसिंह यांच्या निधनानंतर १७०० च्या प्रारंभी, वयाच्या बाराव्या वर्षी, ते गादीवर आले. त्या काळी राजपूत राजाचे स्थान प्रथम मोगल फौजेत आणि नंतर स्वतःच्या राज्यात असे. त्यामुळे बादशहा औरंगजेबाच्या आज्ञेवरून या बालराजाला थेट दख्खनेत यावे लागले. १७०२ मध्ये खेळणा, म्हणजे विशाळगडाच्या वेढ्यात त्यांच्या तुकडीने भाग घेतला होता. पुरंदरच्या तहामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या मिर्झाराजे जयसिंह यांचे हे वंशज. पूर्वजापेक्षा हा मुलगा सव्वापट निघेल असे बादशहाने म्हटले आणि त्यावरून सवाई हे उपपद आले, अशी आख्यायिका आहे.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर वारसांत झालेल्या लढाईत जयसिंह पराभूत पक्षात होते. त्याची किंमत म्हणून काही काळ त्यांना आमेरही गमवावे लागले. जोधपूर व उदयपूर यांच्या साहाय्याने ते परत मिळाले. पुढे माळव्याची सुभेदारी त्यांच्याकडे तीन वेळा आली. १७२० मध्ये जिझिया कर रद्द व्हावा यासाठी त्यांनी बादशहा महंमदशहाकडे रदबदली केली. १७२७ मध्ये जयपूर शहराची पायाभरणी झाली. या राजकीय कारकिर्दीचा तपशील इतिहासग्रंथांत विपुल आढळतो. येथे त्यांच्या दुसऱ्या आयुष्याचा विचार करावयाचा आहे.

जयसिंह यांना गणित व ज्योतिष यांची ओढ लहानपणापासून होती. जगन्नाथ सम्राट हे विद्वान पंडित त्यांचे गुरू आणि सहकारी होते. ते मूळचे महाराष्ट्रातील होते आणि दख्खनच्या मोहिमेत त्यांची व राजाची गाठ पडली, असे सांगितले जाते. ग्रंथ वाचता वाचता राजाच्या लक्षात आले, की संस्कृत सिद्धान्त घ्यावेत, समरकंदच्या उलुगबेगाची कोष्टके घ्यावीत किंवा अन्य कोणतीही. गणिताने येणारी ग्रहस्थिती आणि आकाशात दिसणारी ग्रहस्थिती यांचा मेळ बसत नाही. अमावास्येनंतरचे पहिले चंद्रदर्शन आणि ग्रहणांच्या वेळा यांत ही तफावत विशेष जाणवे. सण, व्रते, मुहूर्त, ईद आणि फौजेची कूच या साऱ्यांचा आधार हेच गणित होते. राजाने हा विषय बादशहापुढे मांडला आणि नव्याने वेध घेण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविण्यात आले.

चंद्राविषयीच ही अडचण सर्वांत तीव्र का, हे थोडे समजून घेतले पाहिजे. चंद्र पृथ्वीभोवती वर्तुळात फिरत नाही. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे त्याचे अंतर सुमारे ३ लाख ५६ हजार किलोमीटर ते ४ लाख ६ हजार किलोमीटर या दरम्यान सतत बदलत असते. जवळ असताना तो वेगाने धावतो आणि एका दिवसात १५ अंशांहून अधिक पुढे जातो. दूर असताना हीच चाल दिवसाला १२ अंशांच्याही खाली येते. तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून १२ अंशांनी पुढे जाण्यास घेतलेला वेळ. म्हणून एखादी तिथी जेमतेम २० तासांत संपते, तर एखादी पावणेसत्तावीस तासांपर्यंत रेंगाळते. तिथीचा क्षय आणि वृद्धी यांचे मूळ या बदलत्या अंतरात आहे. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंतचा काळही त्यामुळे कधी २९ दिवस साडेसहा तास, तर कधी २९ दिवस २० तासांच्या आसपास असतो.

अंतराचा हा खेळ आपल्या ज्योतिर्विदांना अपरिचित नव्हता. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास रचलेल्या ग्रहलाघव या ग्रंथात ग्रहणाच्या वेळचे चंद्रबिंब त्याच्या त्या दिवसाच्या गतीवरूनच काढले जाते. गती जास्त म्हणजे चंद्र जवळ, आणि चंद्र जवळ म्हणजे बिंब मोठे. महाराष्ट्रातील पंचांगे कित्येक पिढ्या याच ग्रंथावर चालली.

तथापि, अंतर बदलते एवढ्याने हिशेब पूर्ण होत नाही. सूर्यही चंद्राला ओढत असतो आणि ती ओढ चंद्राच्या कलेप्रमाणे बदलते. परिणामी अमावास्या व पौर्णिमेला एक नियम लावून चंद्र अचूक सापडला, तरी अष्टमीच्या सुमारास तोच नियम सव्वा अंशाहून अधिक चुकू शकतो. प्राचीन गणितज्ञांनी चंद्राची गती मुख्यतः ग्रहणांवरून पारखली होती आणि ग्रहणे अमावास्या-पौर्णिमेलाच होतात. म्हणून त्यांची ग्रहणे बऱ्यापैकी जुळत, पण अर्धचंद्र त्यांना चकवीत असे. दहाव्या शतकातील मुंजाल यांच्यासारख्या काहींनी त्यासाठी वेगळा संस्कार दिला होता. तो सर्वत्र रूढ झाला नाही.

अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीलाही ही अडचण दिसली होती. त्याने काढलेला तोडगा मोठा चमत्कारिक होता. त्यात चंद्राचे स्थान ठीक येते, पण अंतर इतके बदलते की अर्धचंद्राच्या वेळी चंद्र जवळजवळ दुप्पट मोठा दिसावयास हवा. तसे कधीच दिसत नाही, हे कोणत्याही गुराख्याने सांगितले असते! टॉलेमीचा हाच ग्रंथ अरबी भाषेतून जगन्नाथ सम्राट यांनी सम्राट सिद्धान्त या नावाने संस्कृतात आणला. युक्लिडची भूमितीही त्यांनी रेखागणित या नावाने संस्कृतात उतरविली.

राजाने आरंभी पितळेची यंत्रे करवून घेतली. ती समाधानकारक ठरली नाहीत. लहान आकारामुळे अंशांचे बारीक भाग पाडता येत नव्हते, आस झिजत होते आणि मध्यबिंदू हलत होता. तेव्हा त्यांनी दगड, विटा आणि चुना यांची अचल आणि भव्य यंत्रे बांधण्याचा निर्णय घेतला. दिल्लीच्या नैऋत्येस जयसिंहपुरा ही त्यांची स्वतःची वसाहत होती. तेथे १७२४ च्या सुमारास पहिली वेधशाळा उभी राहिली. वेधशाळेत १९१० साली बसविलेल्या फलकावर १७१० हे वर्ष आढळते. संशोधकांना ते मान्य नाही आणि महंमदशहा १७१९ मध्ये तख्तावर आला हे लक्षात घेता त्यांचेच म्हणणे रास्त वाटते. पुढे जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी येथेही वेधशाळा झाल्या. एका ठिकाणचा वेध दुसऱ्या ठिकाणी पडताळता यावा, हा त्यामागील हेतू होता.

दिल्लीच्या सम्राट यंत्राची उंची सुमारे २१ मीटर आहे. त्याचा तिरपा कठडा पृथ्वीच्या आसाला समांतर असून त्याची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळपादांवर सरकते. जयप्रकाश यंत्र म्हणजे जमिनीत उलटे ठेवलेले आकाश. दोन गोलाकार वास्तूंचे राम यंत्र उन्नतांश आणि दिगंश मोजते. रात्री चंद्राचे वेध घेण्यास ते सोयीचे होते. आकार वाढविला म्हणजे अचूकता वाढतेच असे मात्र नाही. सूर्यबिंब स्वतःच अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड पुसट पडते, ही मर्यादा दगडी यंत्रांना कधीच ओलांडता आली नाही.

वेधांवर समाधान न मानता युरोपात काय चालले आहे, हे जाणून घेण्यासाठी जयसिंह यांनी आग्र्याचे जेझुइट पाद्री मानुएल द फिगरेदो यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ पोर्तुगालला रवाना केले. हे मंडळ गोव्याहून समुद्रमार्गे गेले, १७२९ मध्ये लिस्बनला पोहोचले आणि गोव्यामार्गेच परतले. त्यांनी आणलेल्या ग्रंथांत फ्रेंच ज्योतिर्विद फिलिप द ला हिर याची १७०२ मध्ये पॅरिसला छापलेली कोष्टके होती. ती त्या काळी युरोपात प्रतिष्ठित मानली जात.

येथे या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग येतो. जयसिंह यांनी ही कोष्टके वेधांशी ताडून पाहिली. चंद्राच्या स्थानात त्यांना अर्ध्या अंशाची चूक आढळली. ग्रहणांच्या वेळेतही सुमारे पाव घटीचा, म्हणजे ६ मिनिटांचा फरक निघाला. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी या दोन्ही त्रुटी नोंदविल्या आणि युरोपीय लोकांची यंत्रे पुरेशी मोठी नसल्यामुळे असे घडले असावे, असा निष्कर्ष काढला.

या दोन आकड्यांकडे जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे. अर्धा अंश म्हणजे चंद्राची स्वतःची रुंदी. एवढी चूक दिल्लीच्या यंत्रांतून सुटणे शक्यच नव्हते. सूर्याच्या तुलनेत तासाला साधारण अर्धा अंश ही चंद्राची चाल लक्षात घेतली, तर अर्ध्या अंशाच्या चुकीने ग्रहण तासभर पुढेमागे व्हावयास हवे. प्रत्यक्षात फरक ६ मिनिटांचा, म्हणजे अंशाच्या विसाव्या भागाचा होता. याचा अर्थ ला हिरचा चंद्र अमावास्या-पौर्णिमेला जवळजवळ बरोबर होता आणि मोठी चूक महिन्याच्या अन्य दिवसांत होती. जुना अर्धचंद्र पॅरिसलाही चकवीत होता. दोष यंत्रांच्या आकाराचा नव्हे, तर चंद्राच्या गतीविषयीच्या सिद्धान्ताचा होता.

सूर्याच्या ओढीने चंद्राची गती का बिघडते, याचे उत्तर न्यूटनने १६८७ मध्ये, म्हणजे जयसिंह यांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, प्रसिद्ध केले होते. परंतु कॅथॉलिक पाद्र्यांच्या मार्फत जयपूरला आलेल्या ग्रंथांतून ही विचारधारा राजापर्यंत पोहोचली नाही. दुर्बीण त्यांच्याकडे होती. गुरूचे चार उपग्रह, शुक्राच्या कला आणि सूर्यावरील डाग यांचा उल्लेख त्यांच्या ग्रंथात येतो. असे असूनही कोन मोजण्यासाठी दुर्बिणीचा उपयोग त्यांनी केला नाही.

बादशहाच्या नावाने झीज-ए-महंमदशाही या फारसी ग्रंथात ही कोष्टके सिद्ध झाली. विसाव्या शतकातील अभ्यासकांनी ती तपासली, तेव्हा सूर्य आणि चंद्र यांची कोष्टके बव्हंशी ला हिरचीच असून कालगणना व रेखांश बदलून घेतल्याचे दिसून आले. तारकांची यादीही उलुगबेगाची असून तिच्यात सर्वत्र ४ अंश ८ कला मिळविलेल्या आहेत. ज्याची चूक दाखविली त्याचेच आकडे स्वीकारले, ही विसंगती मोठी आहे आणि राजाचे चाहते ती सहसा टाळतात. चूक मोजणे आणि चूक दुरुस्त करील असा सिद्धान्त रचणे ही वेगवेगळी कामे आहेत. पहिले जयसिंह यांनी चोख केले, दुसरे त्यांना साधले नाही. समुद्रावर भरवसा ठेवता येईल इतकी अचूक चंद्रकोष्टके जर्मनीतील टोबियस मायर याने १७५० नंतरच्या काही वर्षांत तयार केली. तोवर जयसिंह हयात नव्हते.

हे संशोधन निवांतपणी चालले होते असे समजू नये. १७३३ मध्ये मंदसोर येथे होळकर व शिंदे यांच्या फौजांनी जयसिंह यांना घेरले आणि खंडणी मान्य करून त्यांना सुटका करून घ्यावी लागली. १७३४ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून चंद्रनगरहून दोन फ्रेंच जेझुइट ज्योतिर्विद वाटेत अक्षांश-रेखांश मोजत आले. त्याच्या पुढच्याच वर्षी पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेला निघाल्या असता जयपुरात त्यांचे आदरातिथ्य झाले. १७३६ मध्ये बाजीराव आणि जयसिंह यांची समक्ष भेट झाली. १७३७ च्या मार्चअखेर मराठी घोडदळ दिल्लीच्या वेशीवर येऊन तालकटोऱ्याजवळ चकमक झाली. ते ठिकाण वेधशाळेपासून फार दूर नाही. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली. २१ सप्टेंबर १७४३ रोजी जयसिंह यांचे निधन झाले आणि वारसाहक्काच्या कलहात वेध मागे पडले. दिल्लीतील मिश्र यंत्र त्यांचे पुत्र माधोसिंह यांच्या काळातील असावे असे मानतात.

जयसिंह यांना मोजावयाचा होता तो अंतराचा परिणाम अलीकडच्या ग्रहणांनी भारतीयांना ठळकपणे दाखविला आहे. २२ जुलै २००९ रोजी सुरत, भोपाळ, पाटणा या पट्ट्यातून खग्रास सूर्यग्रहण गेले. चंद्र आदल्याच दिवशी पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला असल्याने त्याने सूर्य पुरता झाकला आणि प्रशांत महासागरात खग्रास स्थिती ६ मिनिटे ३९ सेकंद टिकली. अवघ्या सहा महिन्यांनी, १५ जानेवारी २०१० रोजी, कन्याकुमारी आणि धनुष्कोडी येथे दिसलेले ग्रहण मात्र कंकणाकृती होते. त्या वेळी चंद्र दूर होता, सूर्य किंचित जवळ होता आणि चंद्रबिंब सूर्यबिंबाला पुरले नाही. २१ जून २०२० रोजी कुरुक्षेत्रावरून गेलेले कंकणाकृती ग्रहण दिल्लीत खंडग्रास दिसले; त्यात दोन्ही बिंबांचा फरक एक टक्क्याहूनही कमी होता.

पाच वेधशाळांपैकी मथुरेची वेधशाळा १८५७ पूर्वीच नामशेष झाली. दिल्लीतील यंत्रांची दुरुस्ती १८५२ आणि १९१० मध्ये झाली. आज भोवतालच्या उंच इमारतींमुळे तेथे वेध घेणे कठीण आहे. जयपूरच्या वेधशाळेचा २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. उज्जैनच्या पडझड झालेल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये करविला आणि तिची व्यवस्था गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाकडे सोपविली. चंद्राची रोजची स्थिती देणारे दृश्य गणिताचे पंचांग पुढे याच वेधशाळेतून प्रसिद्ध होऊ लागले.