मेंदूतल्या चट्ट्यांचा माग काढणारे डॉ. शार्को

राहुरी किंवा श्रीगोंद्याकडची, तिशीच्या आतली एखादी तरुणी एका डोळ्याने अंधुक दिसते म्हणून दवाखान्यात येते. डोळा हलवला की दुखतो. काही आठवड्यांत नजर बरीचशी परत येते आणि घरचे ते विसरूनही जातात. वर्षभराने पायाला बधिरपणा येतो, चालताना तोल जातो. मग नगरच्या नाहीतर पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टकडे चकरा सुरू होतात आणि मेंदूचा एमआरआय होतो. काळ्या-करड्या चित्रात पांढरे ठिपके दिसतात. अहवालात मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजाराची शंका लिहिलेली असते, आणि हा शब्द घरात कोणी ऐकलेलाही नसतो.

या ठिपक्यांचे आणि रुग्णाच्या त्रासाचे नाते ज्यांनी पक्के केले, त्या डॉक्टरांनी एमआरआय तर सोडाच, एक्स-रेसुद्धा पाहिला नव्हता. क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी दोन वर्षे त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव जाँ-मार्तँ शार्को.

शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर. मुलगा अबोल, पण चित्रकलेत हात चांगला. पुढे वैद्यकाकडे वळल्यावरही चित्रकाराची नजर त्यांनी सोडली नाही. रुग्ण कसा उभा राहतो, पाऊल कसे टाकतो, हात कसा थरथरतो, हे ते कागदावर रेखाटून ठेवत. १८५३ साली त्यांनी गाउट आणि जुनाट संधिवात हे दोन वेगळे आजार कसे ओळखावेत, यावर प्रबंध लिहिला. एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवणे हे त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे सूत्र ठरले.

१८६२ मध्ये त्यांना सालपेत्रिएर या रुग्णालयात नेमले गेले. बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्यावरून या जागेला हे नाव पडले होते. सतराव्या शतकात तिथे गरिबांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. शार्को यांच्या काळात तिथे सुमारे पाच हजार निराधार, वृद्ध आणि अपंग स्त्रिया राहत. करिअर करू पाहणाऱ्या डॉक्टरला ती जागा अडगळीची वाटे. शार्को आणि त्यांचे मित्र आल्फ्रेड व्हुल्पियाँ यांनी मात्र एकेका खोलीत जाऊन एकेका बाईची तपासणी केली आणि नोंदी लिहिल्या. या स्त्रिया वर्षानुवर्षे तिथेच राहत असल्याने आजार कसा वाढतो, हे पाहता येई. मृत्यूनंतर शवविच्छेदन करून मेंदू व मज्जारज्जूत नेमके काय बिघडले होते, हेही तपासता येई. हयातीतली लक्षणे आणि मृत्यूनंतरचा पुरावा यांची सांगड घालायची, ही शार्को यांची पद्धत.

त्यांच्या घरातली एक हकीकत सिग्मंड फ्रॉइड यांनी नोंदवून ठेवली आहे. शार्को यांनी एका मोलकरणीला कामावर ठेवले होते. तिच्या हाताला विचित्र थरथर असल्याने तिला दुसरीकडे कोणी काम देत नव्हते. तिच्या हातून इतक्या बश्या फुटल्या, की त्यांची किंमत काढली तर चांगली मोठी रक्कम झाली असती. तरीही त्यांनी तिला काढले नाही. अखेर तिचा मृत्यू झाला तेव्हा तिच्या मेंदूत व मज्जारज्जूत ठिकठिकाणी घट्ट झालेले चट्टे सापडले. यातला माणुसकीचा भाग किती आणि संशोधकाचे कुतूहल किती, हे आज ठरवता येणार नाही; दोन्ही असावे.

असे चट्टे पाहणारे शार्को पहिले नव्हते. ब्रिटनचे रॉबर्ट कार्सवेल आणि फ्रान्सचे जाँ क्रुव्हेल्ये यांनी त्याआधीच त्यांची चित्रे छापली होती. पण १८६८ मध्ये शार्को यांनी व्याख्यानांतून हा एक स्वतंत्र आजार असल्याचे मांडले, त्याची लक्षणे सांगितली आणि त्याला नाव दिले. स्क्लेरॉसिस म्हणजे कठीण होणे. मज्जासंस्थेत विखुरलेले कठीण चट्टे, असा त्या नावाचा अर्थ.

या चट्ट्यांत काय घडते? विहिरीवरच्या मोटारीची केबल डोळ्यांसमोर आणा. आतली तार शाबूत आहे, पण वरचे वेष्टण उंदराने जागोजागी कुरतडले आहे. मग वीज नीट पोचत नाही. आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे असेच आवरण असते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून त्यावरच हल्ला करते. हल्ल्याचे हे कारण शार्को यांना ठाऊक नव्हते. पण सूक्ष्मदर्शकाखाली आवरण नष्ट झालेले आणि आतला तंतू बऱ्याचदा टिकून राहिलेला त्यांनी पाहिला आणि रेखाटला. डोळ्यांची बुबुळे थरथरणे, काही उचलायला गेल्यावर हात कापणे आणि शब्द तोडून तोडून बोलणे, ही तीन लक्षणे त्यांनी एकत्र बांधली. कंपवातात हात स्वस्थ असतानाही कापतो, इथे तो हालचाल करताना कापतो, हा फरकही त्यांनी दाखवून दिला.

उपचारात मात्र त्यांना यश आले नाही. सोने आणि चांदीचे क्षार, स्ट्रिक्निन, विजेचे झटके, सगळे करून झाले. कशाचाही भरवशाचा उपयोग होत नाही, हे त्यांनी लपवले नाही.

१८८२ मध्ये त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या विकारांचे खास प्राध्यापकपद निर्माण झाले. जगभरातून विद्यार्थी येऊ लागले; १८८५ च्या हिवाळ्यात तरुण फ्रॉइडही आले. याच काळात शार्को हिस्टेरिया आणि संमोहनाकडे वळले. भरगच्च सभागृहात रुग्ण स्त्रियांवर प्रयोग दाखवले जात. पण इथे शवविच्छेदनात कोणताही चट्टा सापडत नव्हता. प्रेक्षकांना काय हवे आहे, हे ओळखून रुग्ण तसेच वागत असावेत, ही टीका त्यांच्या हयातीतच झाली आणि ती बरीचशी खरी ठरली. पुराव्याचा आधार सुटल्यावर थोर निरीक्षकही चकतो, हा त्यांच्या आयुष्यातला दुसरा धडा. १६ ऑगस्ट १८९३ रोजी सहलीवर असताना त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतरच दिसणारे हे चट्टे जिवंत माणसात दिसायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षे लागली. १९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी या आजाराच्या दहा रुग्णांच्या मेंदूची चुंबकीय चित्रे घेतली. सीटी स्कॅनमध्ये एकूण १९ चट्टे दिसले होते. नव्या यंत्राने त्यांशिवाय आणखी ११२ दाखवले. एमआरआय शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनचे संकेत टिपतो. चट्ट्याच्या जागी पाण्याचे प्रमाण बदलते, म्हणून तो पांढरा उठून दिसतो. गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिले की ताजे, धगधगते चट्टे चमकतात आणि जुने तसेच राहतात. त्यामुळे एकाच तपासणीत नवा आणि जुना हल्ला ओळखता येतो. जर्मनीच्या रिंडफ्लाइश यांनी १८६३ मध्येच चट्ट्याच्या मधोमध एक रक्तवाहिनी पाहिली होती. आज खास एमआरआयवर हीच मधली शीर शोधली जाते. निदानाला तिची मदत होते.

आता आपल्या हातातल्या अहवालाकडे येऊ. मेंदूत पांढरे ठिपके दिसले म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिसच, असे नाही. वाढते वय, रक्तदाब, मधुमेह, अर्धशिशी यांमुळेही ठिपके येतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, क्षयरोग आणि न्यूरोमायलायटिस ऑप्टिकासारखे आजारही या आजाराची नक्कल करतात. म्हणून डॉक्टर चट्टे कुठे आहेत, त्यांचा आकार कसा आहे, ते वेगवेगळ्या वेळी आले का, हे पाहतात. मज्जारज्जूचा एमआरआय, रक्ताच्या आणि कधी पाठीतल्या पाण्याच्या तपासण्या करतात. चित्रातल्या चट्ट्यांची संख्या आणि रुग्णाचा त्रास यांचा मेळ नेहमीच बसतो असेही नाही.

हा आजार आपल्याकडे युरोपच्या तुलनेत कमी दिसतो, पण दिसतच नाही असे मानणे चूक आहे. मुंबईचे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० मध्ये मुंबई-पुण्यातल्या पारशी समाजात तो लक्षणीय असल्याचे दाखवले होते. बहुतेकदा विशी ते चाळिशीत सुरू होणारा हा आजार स्त्रियांत अधिक आढळतो. तो पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. पण नवे हल्ले कमी करणारी औषधे आहेत आणि ती लवकर सुरू केली तर अपंगत्व लांबवता येते. म्हणून एका डोळ्याची नजर अचानक मंदावली आणि परत आली, तरी ती घटना डॉक्टरांना सांगायलाच हवी. उष्णता झाली असेल, अशक्तपणा असेल, म्हणून ती सोडून देऊ नये.

अहवाल हाती आला की फक्त फिल्म पाठवून उत्तर मागू नका. रुग्णाला सोबत न्या, आधी काय काय झाले ते तारखांसकट लिहून न्या. सालपेत्रिएरच्या खोल्यांमधून शार्को हेच करत होते: आधी माणूस नीट पाहायचा आणि मग चट्ट्याचा अर्थ लावायचा.