घाटमाथ्यावरचे पाणी आणि जमशेदजींची वीज

पोशीर, कर्जत, खालापूर या पट्ट्यात पावसाने जोर धरला की सह्याद्रीच्या कड्यांवरून असंख्य धबधबे कोसळू लागतात. चार महिन्यांनी त्यातले बहुतेक आटतात. हे पाणी घाटमाथ्यावर अडवले, तर त्यावर मुंबईच्या कापडगिरण्या वर्षभर चालतील, हा विचार जमशेदजी टाटा यांनी चिकाटीने पुढे नेला. मात्र त्या विजेवर चालणारी एकही गिरणी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीला झाला. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण झाल्यावर ते वडिलांच्या व्यापारात शिरले. १८६९ मध्ये त्यांनी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी हवी, हा त्यामागचा साधा हिशेब होता. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची एक डबघाईला आलेली गिरणी घेतली. तीच पुढे स्वदेशी मिल झाली.

गिरणीचा धंदा आतून पाहिल्यामुळे त्यातले दुखणे त्यांना नेमके ठाऊक होते. मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. त्यासाठी लागणारा कोळसा लांबून आणावा लागे, म्हणून तो महाग पडे. शिवाय चिमण्यांचा धूर गिरणगावातल्या लोकांच्या छातीत जाई. एका मोठ्या इंजिनावर लांबलचक दांडे आणि पट्टे फिरत आणि त्यांच्या घर्षणातही बरीच शक्ती वाया जाई.

घाटातले पाणी साठवून वीज करण्याची कल्पना मुंबईतल्या डेव्हिड गॉस्टलिंग यांनी मांडली होती. जमशेदजींना ती पटली. १८९६ मध्ये अमेरिकेत नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोहोचली होती, त्यामुळे हे स्वप्नरंजन नव्हते. पण नायगाऱ्याला बारमाही नदी आहे. सह्याद्रीत तसे पाणी नाही, तिथे आहे ती उंची.

ही उंचीच महत्त्वाची ठरली. पाण्यापासून मिळणारी शक्ती दोन गोष्टींवर ठरते : पाणी किती आणि ते किती उंचावरून पडते. सेकंदाला हजार लिटर पाणी ५ मीटरवरून पडले, तर सुमारे ५० हजार वॉट शक्ती हाती येऊ शकते. तेच पाणी ५०० मीटरवरून पडले, तर ती सुमारे ५० लाख वॉट होते. लोणावळा ते खोपोली ही उतरण १७०० फुटांहून अधिक, म्हणजे ५०० मीटरच्या वर आहे.

विजेचा हिशेबही असाच चालतो. व्होल्टेज म्हणजे पाण्याची उंची आणि करंट म्हणजे पाण्याचा प्रवाह. दोन्हींचा गुणाकार केला की वॉट मिळतात. एक कोटी वॉट ५ हजार व्होल्टने पाठवायचे, तर तारेतून २ हजार अँपिअर जावे लागतात. व्होल्टेज एक लाख केले, तर १०० अँपिअर पुरतात. (तीन फेजचा हिशेब थोडा वेगळा असतो, पण तत्त्व हेच.) तार तापते ती करंटमुळे आणि करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून करंट वीसपट कमी झाला की त्याच तारेतले नुकसान चारशेपट घटते. खोपोलीची वीज मुंबईला पोहोचणे शक्य झाले ते यामुळेच.

हे सारे उभे राहण्याआधीच, १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम येथे जमशेदजींचे निधन झाले. पोलाद कारखाना, विज्ञानसंस्था आणि वीज ही तिन्ही कामे अपुरी होती. पुत्र दोराबजी यांनी ती पुढे नेली. १९१० मध्ये वीज कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी साठवण्यात आले. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले आणि सुमारे ७० किलोमीटर लांबीच्या तारांवरून, सुमारे एक लाख व्होल्टने, वीज परळला पोहोचली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र आले. खोपोलीतून बाहेर पडणारे पाणी आजही पाताळगंगेला मिळते आणि भिवपुरीचे उल्हास नदीला.

या उजेडाची किंमतही मोजावी लागली. भिरा केंद्रासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले, तेव्हा मावळ्यांच्या जमिनी आणि गावे पाण्याखाली जाणार होती. १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरीही धरण झालेच. जमशेदजींच्या कल्पनेची गोष्ट या गावांना वगळून पुरी होत नाही.

खोपोलीच्या तारांमागचा हिशेब आज मुलांच्या हातातल्या ड्रोनमध्येही दिसतो. त्याच्या ब्रशलेस मोटारीला ४४४ वॉट हवे असतील, तर १४.८ व्होल्टची बॅटरी ३० अँपिअर देते, २२.२ व्होल्टची २० अँपिअरमध्ये भागवते. त्याच तारेतली उष्णता निम्म्याहून कमी होते. मात्र जास्त व्होल्टच्या बॅटरीला कमी ‘केव्ही’ची मोटार जोडावी लागते. हा केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला मोटार बिनभाराने मिनिटाला किती फेरे घेते, ते हा आकडा सांगतो. हे न पाहता जास्त व्होल्टची बॅटरी जोडली, तर मोटार भलत्याच वेगाने फिरू पाहते, जास्त करंट खेचते आणि जळते.

बॅटरी असो वा धरण, वॉट किती हवेत हे ठरले की उरतो तो व्होल्टेज आणि करंट यांचा मेळ. सह्याद्रीने उंची दिली होती. तिचा उपयोग होईल हे जमशेदजींनी ओळखले आणि त्यांच्या निधनानंतर सुमारे अकरा वर्षांनी गिरणीतली मोटार फिरली.