वैमानिक जेसी ब्राउन

मनुष्याची थोरवी त्याच्या यशावरून ठरवावी, असा जगाचा सामान्य प्रघात आहे. परंतु ज्या प्रयत्नास यश आलें नाहीं, तोही कित्येक वेळां लोकांच्या स्मरणांत कायमचा राहतो. अमेरिकन नौदलांतील वैमानिक जेसी लेरॉय ब्राउन याचें चरित्र या दृष्टीनें बोधप्रद वाटल्यावरून तें आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

जेसीचा जन्म १३ ऑक्टोबर १९२६ रोजीं मिसिसिपी संस्थानांतील हॅटिसबर्ग या शहरीं एका गरीब कृष्णवर्णीय ख्रिस्ती कुटुंबांत झाला. त्या काळीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत गोऱ्यांच्या व काळ्यांच्या शाळा निराळ्या, आगगाडींतील जागा निराळ्या, फार काय, पाणी पिण्याचे नळही निराळे असत. बाप कष्टाचें काम करी व आई शिक्षिका होती. मुलांनीं शिकावें हा तिचा कटाक्ष असे. जेसी सहा वर्षांचा असतां बापानें त्यास विमानांच्या कसरती पाहावयास नेलें. त्या दिवसापासून आपण वैमानिक व्हावयाचें, हा एकच ध्यास त्याच्या मनानें घेतला. सैन्याच्या विमानदळांत आपल्या वर्णाच्या मनुष्यास प्रवेश नाहीं हें कळतांच, अवघ्या अकराव्या वर्षाच्या सुमारास, १९३७ सालीं, त्यानें अध्यक्ष रूझवेल्ट यांसच पत्र लिहून याबद्दल तक्रार केली!

१९४४ सालीं आपल्या वर्गांत दुसरा क्रमांक मिळवून तो शाळेंतून उत्तीर्ण झाला व ओहायो येथील विद्यापीठांत दाखल झाला. दिवसा अभ्यास करावा आणि दुपारनंतर मध्यरात्रीपर्यंत रेल्वेच्या मालडब्यांत माल भरावा, असा त्याचा क्रम होता. १९४७ सालीं त्याचें नौदलांतील विमानशिक्षण सुरू झालें. तेथें कांहीं जणांनीं त्यास वर्णावरून हिणविलें, तर कांहीं गोऱ्या शिक्षकांनीं व सोबत्यांनीं त्यास मनापासून धीर दिला. शेवटीं २१ ऑक्टोबर १९४८ रोजीं त्यास वैमानिकाचें पदक मिळालें. अमेरिकन नौदलाचें हें शिक्षण पुरें करणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. त्याच सालच्या अखेरीस त्याची पत्नी डेझी हिला कन्यारत्न झालें.

पुढें लेटी नांवाच्या विमानवाहू जहाजावर त्याची नेमणूक झाली. तेथें टॉमस हडनर या गोऱ्या अधिकाऱ्याशीं त्याचा परिचय झाला. हडनर हा सुखवस्तु घरांतील व दर्जानेंही वरचा. परंतु उड्डाणाचा अनुभव जेसीस अधिक असल्यामुळें विमानांच्या जोडींत जेसी पुढें असे व हडनर त्याच्या पाठीशीं राही.

१९५० सालीं कोरियांत युद्ध पेटलें. त्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर चोसिन जलाशयाजवळ अमेरिकन फौजेस चिनी सैन्यानें वेढा घातला. वेढ्यांतील शिपायांच्या मदतीस ४ डिसेंबर रोजीं लेटीवरून सहा कॉर्सेअर विमानें निघालीं. जमिनीवरून झालेल्या गोळीबारांत जेसीच्या विमानास मार लागला. जहाजापर्यंत परतणें अशक्य झाल्यामुळें त्यानें तें एका बर्फाच्छादित डोंगरावर कसेंबसें उतरविलें. वरून सोबत्यांस दिसलें कीं, तो जिवंत असून हात हालवीत आहे, परंतु बाहेर मात्र येत नाहीं. विमानाच्या मोडक्या भागाखालीं त्याचा पाय चेपून अडकला होता आणि यंत्रांतून धूर निघत होता.

तेव्हां हडनरनें आपलें धडधाकट विमान चाकें न उघडतां त्याच डोंगरावर आपटून उतरविलें! सभोंवार शत्रूचा मुलूख, थंडी शून्याच्या बरीच खालीं. त्यानें जेसीच्या गारठलेल्या हातांभोंवतीं आपला मफलर गुंडाळला, डोक्यावर लोंकरी टोपी घातली आणि हातांनीं बर्फ उचलून धुमसणाऱ्या यंत्रावर टाकण्यास आरंभ केला. पुढें हेलिकॉप्टर घेऊन चार्ल्स वॉर्ड हा वैमानिक आला. दोघांनीं कुऱ्हाडीचे घाव घातले, परंतु पत्रा तुटेना. जेसी मधून मधून शुद्धीवर येई. त्यानें कण्हणें काढलें नाहीं, केवळ डेझीस आपलें प्रेम कळवावें इतकेंच सांगितलें. अंधार पडूं लागला. रात्रीं तें हेलिकॉप्टर उडूं शकत नव्हतें. पुन्हां येण्याचें वचन देऊन हडनरला जड अंतःकरणानें निघावें लागलें. जेसीचा प्राण तेथेंच गेला. त्याचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें.

देह आणणें शक्य नव्हतें. तेव्हां थोड्याच दिवसांनीं सोबत्यांनीं विमानांतून प्रभूची प्रार्थना म्हणत त्या स्थळीं अग्निवर्षाव करून आपल्या मित्राचा अंत्यविधि केला. १३ एप्रिल १९५१ रोजीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं हडनर यास सर्वोच्च शौर्यपदक अर्पण केलें. त्या समारंभास डेझी उपस्थित होती. जेसीच्या नांवाची युद्धनौका १९७३ सालीं नौदलांत दाखल झाली. हडनरनें दिलेलें वचन मात्र पुरें व्हावयाचें होतें. २०१३ सालीं, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षाच्या घरांत असतां, मित्राच्या अस्थि आणण्यासाठीं तो उत्तर कोरियांत गेला. परंतु अतिवृष्टीमुळें त्यास त्या डोंगरापर्यंत पोहोंचतां आलें नाहीं. २०१७ सालीं तोही निवर्तला.

हडनरला जेसीचा पाय सोडवितां आला नाहीं, हें खरें. परंतु ज्या देशांत एका नळाचें पाणी दोघांस पिऊं देत नसत, त्या देशांतील एक गोरा तरुण एका काळ्या बंधूस मरणाच्या दारीं एकटें सोडावयास तयार झाला नाहीं. भल्या शोमरोनी मनुष्याचा दाखला आम्ही शाळेंत अनेकदां ऐकतों. तो आचरणांत आणणें म्हणजे काय, हें त्या बर्फाळ डोंगरावर दिसलें. संकटांत असलेल्यास वांचविणें नेहमींच आमच्या हातीं नसतें. त्याच्या जवळ जाणें मात्र असतें. आमच्या विद्यार्थिबंधूंनीं जेसीची चिकाटी आणि हडनरची माया हीं दोन्ही आपलीशीं करावीं, आणि पालकांनीं त्या शिक्षिका मातेचें उदाहरण ध्यानीं ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.