नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर, १८६१ – ९ मे, १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. साहित्यात ते रेव्हरंड टिळक या नावाने ओळखले जातात. फुले व मुले हे त्यांच्या कवितेचे आवडते विषय असल्याने त्यांना फुलामुलांचे कवी असेही म्हटले जाते. मराठी ख्रिस्ती समाजाच्या उपासनेत अभंग, भजन व कीर्तन यांना मानाचे स्थान मिळवून देण्याचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते. आत्मचरित्रकार लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत. आडनाव व कालखंड एक असल्यामुळे विद्यार्थ्यांकडून लोकमान्य टिळक आणि नारायण वामन टिळक यांच्यात गल्लत होते, ती टाळावी.

== बालपण व शिक्षण ==

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने अत्यंत कडक होते. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेल्या होत्या. टिळकांच्या मनावर आईचा ठसा खोलवर उमटला. वडिलांशी त्यांचे कधीच जुळले नाही. आईचे निधन झाले तेव्हा ते जेमतेम अकरा-बारा वर्षांचे होते. त्यानंतर घराशी असलेला त्यांचा धागा जवळजवळ तुटलाच.

पुढे नाशिकमध्ये गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेत ते फार थोडा काळ होते. त्यांचे इंग्रजीचे ज्ञान बव्हंशी स्वकष्टाचे होते. औपचारिक पदवी नसूनही संस्कृत काव्यशास्त्रावरील त्यांची पकड पंडितांनी मान्य करावी अशी होती, आणि शीघ्रकवित्व व वक्तृत्व हे दोन्ही गुण त्यांना लहान वयातच साधले होते.

== विवाह व भटकंतीची वर्षे ==

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचा कमालीचा कडेलोट होता. बाहेरून आलेली वस्तू, अगदी धान्यसुद्धा, धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही असा त्यांच्या वडिलांचा दंडक असे. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात पुढे घडलेला पालट किती मोठा होता हे या पार्श्वभूमीवरच कळते.

टिळक एका जागी टिकणारे गृहस्थ नव्हते. शिक्षकाची नोकरी, कीर्तने, पुराणे, व्याख्याने असे नाना उद्योग त्यांनी केले. कधी कोणाला न सांगता ते घर सोडून निघून जात, हाती आलेला पैसा समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन टाकत आणि संसाराची चिंता पत्नीवर सोपवीत. नागपूर येथे धनिक अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय लाभल्यावर काही काळ स्थैर्य आले. तेथे संस्कृत ग्रंथांच्या कामाबरोबरच त्यांनी ‘ऋषि’ नावाचे धार्मिक चर्चेचे मासिक चालविले. कवी केशवसुत विद्यार्थिदशेत नागपुरास असताना त्यांचा टिळकांशी परिचय झाला. आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात या परिचयाची नोंद सर्वत्र घेतली जाते.

याच वर्षांत हिंदू धर्मातील जातिभेद आणि मूर्तिपूजा यांविषयी त्यांच्या मनात प्रश्न उभे राहिले होते. राष्ट्राच्या उन्नतीसाठी धर्माची नवी घडण हवी असे त्यांना वाटे, आणि स्वतःच एक नवा धर्म स्थापन करावा असा विचारही त्यांनी केला होता.

== धर्मांतर ==

१८९३ च्या सुमारास टिळक नोकरीनिमित्त नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे रेल्वेने जात असता डब्यात त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. संस्कृत काव्यापासून सुरू झालेले बोलणे धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली व वाचून पाहण्याचा आग्रह केला. वाचताना टिळकांचे मन डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले. शत्रूवर प्रेम करण्याची शिकवण आणि ख्रिस्ताचे व्यक्तिमत्त्व यांनी ते भारावून गेले. मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. हेच ॲबट पुढे मराठी संतकवींची चरित्रे व काव्ये इंग्रजीत आणणारे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झाले.

१० फेब्रुवारी, १८९५ रोजी मुंबई येथे टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्ह. तुकाराम नथोजी या मराठी धर्मोपदेशकाच्या हातून घेण्यात त्यांचा कल स्पष्ट दिसतो.

त्या काळचे वातावरण ध्यानात घेतले पाहिजे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि १८९३ मध्ये पुण्यातील त्यांच्या शारदा सदनावरून मोठे वादळ उठले होते. अशा वेळी एका विद्वान ब्राह्मण कवीने ख्रिस्ती होणे म्हणजे आप्तांच्या दृष्टीने तो मेल्यासारखाच होता. टिळकांना स्वतःला काय सोसावे लागले हे त्यांच्या चरित्रकारांनी सविस्तर लिहिले आहे. त्याहून मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पतीने त्यांना विश्वासात न घेता हे पाऊल उचलले होते. लहानग्या दत्तूला घेऊन त्या कित्येक वर्षे नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. नवरा जिवंत, पण घरात नाही, आणि त्याच्याकडे जावे तर धर्म जातो, अशी त्यांची कोंडी होती. टिळकांच्या चरित्राचा हा भाग त्यांच्या गौरवात झाकून टाकणे योग्य होणार नाही.

== पुनर्मीलन आणि अहमदनगर ==

धर्मांतरानंतर टिळक अहमदनगर येथे आले. अमेरिकन मिशनचे हे जुने केंद्र होते. तेथील ईश्वरविज्ञान विद्यालयात ते शिकवीत असत. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, मात्र स्वतःचे सोवळे, स्वतंत्र स्वयंपाक व पाणी सांभाळून. टिळकांनी या बाबतीत त्यांच्यावर सक्ती केली नाही. राहुरी येथील वास्तव्यात लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने आधी जातिभेद सोडला, आणि ख्रिस्ती धर्माचा स्वीकार त्यानंतर, १९०० मध्ये केला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक महार व मांग समाजांतून आलेले, दुष्काळाने गांजलेले शेतमजूर व कष्टकरी होते. शतकाच्या अखेरीस पडलेल्या भीषण दुष्काळात मिशनच्या आश्रयाला अनाथ मुलांची रीघ लागली. टिळक दांपत्याच्या घरात अशा मुलांना व निराधारांना नेहमीच जागा असे. घरात पुरेसे धान्य आहे की नाही याचा विचार टिळक क्वचितच करीत. तो लक्ष्मीबाईंना करावा लागे. चित्पावन कुटुंबात वाढलेल्या या दोघांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांबरोबर एका पंक्तीला बसून, त्यांच्या आजारपणात व मरणात सोबत करून, सणवार साजरे करून जो संसार केला, तो त्या काळच्या सामाजिक सुधारणेच्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षा पुढचा होता.

१९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली व ते रेव्हरंड झाले. १९१२ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’ या १८४२ पासून चालत आलेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकासाठीही ते लिहीत.

== उपासना, भजन व कीर्तन ==

टिळकांच्या आधी मराठी चर्चमध्ये जी गीते गायली जात, त्यांतील बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असत व ती मूळच्या विलायती चालींवर म्हटली जात. या गीतांची अडचण केवळ चालीची नव्हती. इंग्रजी पद्य आघातावर चालते, तर मराठी पद्य लघुगुरू, मात्रा किंवा अक्षरसंख्या यांवर. इंग्रजी चालीत बसविलेल्या मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ त्यामुळे ओढूनताणून उच्चारावे लागत आणि अर्थ हरवे. खेड्यातल्या निरक्षर भाविकाच्या ओठी ती गीते रुळणे कठीणच होते.

टिळकांनी अभंग, ओवी, पदे व आर्या या घरच्या छंदांत ख्रिस्तभक्ती मांडली. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकारामांच्या वाटेने, अशी त्यांची श्रद्धा होती व ती ते उघडपणे सांगत. मराठी संतांची परंपरा टाकून ख्रिस्ती होण्याची गरज नाही; ती परंपरा हेच मराठी ख्रिस्ती माणसाचे पूर्वधन आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त हा गुरू, सखा व माउली आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्राला हे नाते ओळखीचे होते.

कीर्तनाचा त्यांनी असाच उपयोग केला. पूर्वरंगात एखाद्या पदावर निरूपण आणि उत्तररंगात आख्यान ही रचना त्यांनी कायम ठेवली. आख्यानासाठी विषय मात्र ख्रिस्तचरित्रातून घेतले. टाळ-मृदंगाच्या साथीने, जमिनीवर बसलेल्या श्रोत्यांपुढे रंगणारे हे कीर्तन ऐकायला ख्रिस्तेतर मंडळीही येत. काही मिशनऱ्यांना आणि काही जुन्या ख्रिस्ती कुटुंबांनाही हे रुचले नाही. जे सोडून आलो तेच पुन्हा दारातून आत येते आहे, असे त्यांना वाटे. जातीमुळे ज्यांना देवळाच्या बाहेर उभे राहावे लागले होते त्यांच्या मनातला हा संशय अगदीच अनाठायी म्हणता येत नाही, आणि टिळकांच्या चाहत्यांनी तो बहुधा पुरेसा समजून घेतलेला नाही. तरी कालांतराने पदे टिकली. ‘उपासना संगीत’ या मराठी चर्चच्या गीतसंग्रहात टिळकांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत. नाताळ, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा सण अशा प्रसंगी तसेच लग्नात व अंत्यविधीच्या वेळी त्या आजही गायल्या जातात.

== काव्य ==

शालेय पाठ्यपुस्तकांमुळे ‘केवढे हे क्रौर्य’ ही पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता अनेक पिढ्यांच्या पाठांतरात राहिली. ‘वनवासी फूल’ ही त्यांची दीर्घ कविता. एकांतात राहावे की लोकांत मिसळावे हा तिच्यातील प्रश्न टिळकांच्या स्वतःच्या जीवनाचाही प्रश्न होता. ‘सुशीला’ हे त्यांचे कथाकाव्य आणि ‘अभंगांजली’ हा भक्तिपर रचनांचा संग्रह. देशभक्तिपर कविताही त्यांनी लिहिल्या. ख्रिस्ती झाल्याने माणूस परका होतो हा समज खोटा ठरविण्याची तळमळ त्यांत दिसते.

१९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनाशी टिळकांचा निकटचा संबंध होता. या संमेलनात ज्या मुलाला बालकवी हे नाव मिळाले, तो त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे काही काळ टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. एका हिंदू मुलाला ख्रिस्ती घरी ठेवण्यावरून कुजबुज झाली. परंतु टिळकांनी त्याच्या धर्माला हात लावला नाही.

ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा ‘ख्रिस्तायन’ हा त्यांचा संकल्प अपुरा राहिला. त्यांच्या हातून सुरुवातीचे अध्याय झाले. उरलेला बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचे तोंडही पाहायला मिळाले नव्हते, पतीच्या निधनानंतर रचून पूर्ण केला.

== देवाचा दरबार ==

मिशनच्या पगारावर राहून मराठी ख्रिस्ती समाज स्वावलंबी होणार नाही, असे टिळकांना उत्तरायुष्यात तीव्रतेने वाटू लागले. मिशनरी मंडळींविषयी त्यांना आदर होता, पण मालक आणि नोकर असे नाते जडल्याने बंधुत्व उणे पडते, अशी त्यांची तक्रार होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली व साताऱ्यास वास्तव्य केले. तेथे ‘देवाचा दरबार’ या मंडळीची त्यांनी उभारणी केली.

दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामील होऊ शकत. आपली जात, कुटुंब व समाज न तोडता ख्रिस्ताचे शिष्य होता यावे, हा त्यामागचा विचार होता. स्वतःच्या बाप्तिस्म्याने पत्नीची व मुलाची झालेली ताटातूट या विचारामागे असावी असे मानण्यास जागा आहे. चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्म्यावाचून सभासदत्व ही कल्पना मान्य होण्यासारखी नव्हती, तर हिंदू समाजाला ती धर्मांतराची नवी युक्ती वाटण्याचा संभव होता. संस्थेला घडी बसण्याइतका अवधी मिळाला नाही.

== अखेर ==

टिळकांची प्रकृती ढासळत गेली. उपचारांसाठी त्यांना मुंबईस आणण्यात आले व तेथेच ९ मे, १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. संस्थापकाच्या पश्चात देवाचा दरबार फार काळ टिकला नाही.

जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठी वाचकाला टिळक अधिक जवळून भेटतात ते मात्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून. १९३४ पासून चार भागांत प्रकाशित झालेल्या या ग्रंथात टिळकांचा संताप, विसराळूपणा, उधळेपणा आणि निर्मळ औदार्य हे सारे कोणताही आडपडदा न ठेवता आले आहे. लक्ष्मीबाईंचे निधन १९३६ मध्ये झाले. ग्रंथाचा शेवटचा भाग त्यांचे पुत्र देवदत्त, म्हणजे पूर्वीचा दत्तू, यांनी पूर्ण केला. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी या ग्रंथाची टीपांसह आवृत्ती सिद्ध केली.